मोंत्रेवालचा रिकामा चौकोन

मी एक जुनी जोडसायकल आहे आणि मला पिवळा रंग आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर गैरसमज नको. सेंत-आल्बँ गावात शिरताना जो गोल चौक लागतो, त्याच्या मधोमध गवतावर मी उभी आहे. पुढच्या चाकापासून मागच्या दिव्यापर्यंत मला पिवळं फासलंय. दोन्ही सीटांनासुद्धा! चामड्याच्या सीटला रंग फासणाऱ्या माणसाला काय म्हणावं, ते तुमच्यासारख्या मुलांसमोर बोलता येत नाही. हँडलला टोपली लावली आहे. टोपलीत लाल जिरेनियम. मोटारी माझ्याभोवती फिरून जातात. काही जण थांबतात, फोटो काढतात, "काय गोड आहे!" म्हणतात आणि निघून जातात.

मित्रांनो, मी गोड नाही. मी तीनशे गावांच्या वेशींतून आत गेलेली आहे. एकानं तरी विचारावं की बाई, तू कुठं कुठं जाऊन आलीस? नाही. फुलं बघतात.

माझा जन्म सेंतेतिएन शहरातल्या एका बोळातला. ऑगुस्त नावाचा कारागीर तिथं सायकली बनवायचा. बनवायचा म्हणजे खरोखर बनवायचा, खोक्यातून काढून जोडायचा नाही. त्याच्याकडे एक दिवस नवं लग्न झालेलं जोडपं आलं. फेर्नां उंच, ताडमाड. जिनेत त्याच्या खांद्याखाली मावेल एवढी. ऑगुस्तनं दोघांना अनवाणी भिंतीला टेकून उभं केलं, पायांची, हातांची, पाठीची मापं घेतली आणि भिंतीवर पेन्सिलीनं खुणा केल्या. मग विचारलं, "पुढं कोण बसणार?"

"मी," फेर्नां म्हणाला.

 ऑगुस्तनं चष्म्यावरून जिनेतकडे पाहिलं. "बाई, विचार करून सांगा. एकदा नळ्या कापल्या की पुढचा मागं आणि मागचा पुढं करता येणार नाही."

"त्यालाच बसू दे पुढं," ती हसून म्हणाली, "त्याला वारा खायची हौस आहे."

झालं. अशी मी घडले. पुढं उंच, मागं बुटकी, गडद निळ्या रंगाची. माझ्या अंगाला पितळेच्या जोडांनी पकडलं होतं आणि त्या जोडांच्या कडा ऑगुस्तनं कानशीनं इतक्या बारीक केल्या होत्या की बोट फिरवलं तरी कुठं अडत नसे. ते जोड अजून आहेत. पिवळ्याखाली.

फेर्नांची नोकरी कालव्यावर होती. आमचा कालवा टेकडीला वळसा घालत चढतो. नावांना पाण्यातून पायऱ्या चढाव्या लागतात, तसे त्यावर दरवाजे आहेत. नाव आली की चक्र फिरवून दरवाजा उघडायचा, पाणी भरायचं, नाव वर चढली की सोडून द्यायची. दरवाज्याशेजारीच राहायचं घर. बेल्जियमची नाव यायची, हॉलंडची यायची, दक्षिणेकडून दारूची पिंपं भरून यायची. फेर्नां प्रत्येक नावाड्याला विचारायचा, "कुठून आलास? कुठं चाललास?" जिनेत त्यांना अंडी आणि कोशिंबिरीचा पाला विकायची. नाव निघून जायची. ही दोघं तिथंच.

जगाला दार उघडून द्यायचं आणि आपण उंबऱ्यावर उभं राहायचं, अशी ती नोकरी. वर्षातून एकदा कालव्याचं पाणी सोडून देत आणि तळाचा गाळ काढत. त्या तीन आठवड्यांत दरवाजे बंद. मग आम्ही निघायचो. एरवी कुणी बदली माणूस मिळाला तर रविवारी. बाकी सगळे दिवस मी भिंतीला टेकून वाट बघायची. वाट बघण्यात माझं आयुष्य गेलं असं म्हटलं तरी चालेल, पण तेव्हा वाट बघण्याला शेवट असायचा.

त्यांच्याकडे एक वही होती. भटक्या सायकलवाल्यांच्या संघानं दिलेली. तिच्यात तीनशे चौकोन, प्रत्येक चौकोनाखाली एका जुन्या गावाचं नाव. तटबंदीची गावं, बुरुजांची, आठ-आठशे वर्षांच्या देवळांची. त्या गावात जायचं, तिथल्या बेकरीवाल्याकडून नाहीतर कॅफेवाल्याकडून गावाच्या नावाचा शिक्का चौकोनात मारून घ्यायचा. अट एकच. स्वतःच्या पायांनी यायचं. इंजिन नको.

तीनशे चौकोन भरायला माणसाचं आयुष्य जातं. या लोकांना त्याबद्दल कुणी पदक देत नाही. तरी ते जातात. मला हेच आवडायचं.

काय सांगू तुम्हाला ते दिवस! पॉप्लरच्या रांगांतून जाणारे सपाट रस्ते. अक्रोडाच्या सावलीत बसलेल्या पांढऱ्या गाई. त्या मान वळवून बघायच्या आणि जिनेत त्यांना "बोंजूर, मादाम" म्हणायची. हळूच चढणारी, हळूच उतरणारी जमीन, कूस बदलणाऱ्या माणसाच्या अंगावरच्या पांघरुणासारखी. मग लांबून एखादा मनोरा दिसायचा, मग तट, मग वेस. प्रत्येक वेशीत शिरताना फेर्नां डोक्यावरची टोपी काढायचा आणि माझी घंटी दोनदा वाजवायचा. एकदा का नाही, हे त्यानं कधी सांगितलं नाही. आत दगडी बोळ. त्या दगडांनी माझा एक एक नट खिळखिळा व्हायचा. जिनेत कारंज्यात पाय बुडवून बसायची, ओले मोजे माझ्या मागच्या दांडीवर वाळत घालायची आणि पाव, सॉसेज, मोहरीची बाटली बाहेर काढायची.

नकाशा तिच्याकडे, वही तिच्याकडे, गाणी तिच्याकडे. हँडल आणि ब्रेक त्याच्याकडे. ती लोकांना सांगायची, "आम्ही दोघांनी सगळा फ्रान्स पाहिला. म्हणजे यानं फ्रान्स पाहिला, मी याचा स्वेटर पाहिला."

लोक हसायचे. फेर्नांही हसायचा. तिच्या बोलण्यात एक काटा होता, तो मला टोचायचा, कारण तिचे पाय माझ्या पायडलवर होते आणि पायांना खोटं बोलता येत नाही. पुढं काय आहे ते बघायची तिला फार इच्छा होती.

आता चूक सांगते. अशी चूक याच लोकांच्या हातून होऊ शकते.

त्यांच्या घराच्या अंगणातून मोंत्रेवालचा मनोरा दिसायचा. अकरा किलोमीटरवर, टेकडीच्या माथ्यावर. सकाळी चक्र फिरवायला फेर्नां बाहेर आला की समोर तो मनोरा. मोंत्रेवालचं नावही वहीत होतं. पण तिथं ते कधी गेले नाहीत. शिक्क्यासाठी समुद्रापर्यंत गेले, स्पेनच्या सीमेपर्यंत गेले, मुसळधार पावसात दोन दिवस गुरांच्या गोठ्यात काढले. मोंत्रेवाल? "ते काय, अंगणात आहे," फेर्नां म्हणायचा. "कधीही जाऊ. ते शेवटी."

संघातले सगळेच असं करायचे. घराजवळचं गाव शेवटी ठेवायचं, तिथं सगळ्या मित्रांना बोलवायचं, वाजतगाजत वही पुरी करायची. रिवाजच होता तो. छान रिवाज. तो कुणी काढला त्याच्या तोंडावर मी माझं पुढचं चाक आपटायला तयार आहे.

अडतीस वर्षांनी दोनशे नव्व्याण्णव चौकोन भरले. फेर्नां नोकरीतून मोकळा झाला होता. तरी घर तेच ठेवलं होतं, दरवाज्याशेजारचं. मे महिन्यातला एक रविवार ठरला. मोंत्रेवालच्या चौकात लिंडनच्या झाडांखाली संघाची तीस माणसं टेबलं मांडून बसली. कुणीतरी मनोऱ्याच्या आकाराचा केक करून आणला होता.

आम्ही सकाळी नवाला निघालो. लख्ख ऊन होतं. आणि मला माहीत होतं की फेर्नांला दिसत नाही.

होय, मला माहीत होतं. दोन वर्षांपासून. त्याचे हात माझ्या हँडलवर असायचे ना! पूर्वी वळण यायच्या आधी ते हात वळायचे. आता वळण आल्यावर वळायचे. तो रस्त्याकडेची पांढरी रेघ धरून चालवायचा. जिनेत मागून "आता डावीकडं" म्हणाली की तिच्या आवाजावर वळायचा. खड्डे तर मी मोजणं सोडून दिलं होतं. त्याच्या डोळ्यांतला उजेड कडेकडेनं विझत आला होता आणि त्यानं ते कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरला नाही, बायकोला नाही. सांगितलं असतं तर त्याला पुढून उठावं लागलं असतं. मागं बसलेल्या तिला काय दिसणार? स्वेटर!

गिरणीपाशी पांढरी रेघ संपते. तिथं वळणावर एका शेतकऱ्यानं गवताची गाडी उभी केली होती.

जिनेतचं गळ्याखालचं हाड मोडलं. माझं पुढचं चाक धरणारा चिमटा वाकला. फेर्नांला खरचटलंसुद्धा नाही. ती रस्त्याच्या कडेला खांदा धरून बसली होती आणि रडत नव्हती.

"एवढी मोठी गाडी तुला दिसली नाही?"

"नाही."

"कधीपासून?"

तो माझा वाकलेला चिमटा चाचपडू लागला.

"कधीपासून, फेर्नां?"

"दोन वर्षं झाली."

"आणि दोन वर्षं मी तुझ्या मागं बसून गाणी म्हणत होते," ती म्हणाली.

मोंत्रेवालमध्ये तीस माणसं दुपारपर्यंत थांबली. केक शेवटी दुसऱ्या दिवशी तिथल्या शाळेत वाटला म्हणे.

माझा चिमटा सरळ करून आणला. मग मला छपरीत ठेवलं, बटाट्याच्या पोत्यांशेजारी. तिथं मी बारा वर्षं होते. फेर्नां एकदाही आला नाही. कोळ्यांनी माझ्या चाकांत घरं केली. टायरांतली हवा आपोआप गेली, आधी मागची, मग पुढची. छपरीच्या फटीतून पाण्याचा आवाज यायचा आणि कालव्याकाठच्या रस्त्यानं जाणाऱ्या नव्या सायकलींचा सूऽऽ असा आवाज यायचा. रस्त्याचा आवाज ऐकायचा आणि रस्त्यावर नसायचं, हे काय असतं ते कोंडून ठेवलेल्यालाच कळतं.

मग ती मोठी सायकल-शर्यत आमच्या गावावरून जाणार असं ठरलं. अशा वेळी आमच्याकडे गावोगाव एक वेड येतं. जुन्या सायकली शोधायच्या, शर्यतीत पुढं असलेल्याच्या सदऱ्यासारख्या पिवळ्या रंगवायच्या, फुलं खोचायची, चौकात उभ्या करायच्या. दीडशे पोरं वाऱ्यासारखी निघून जाणार, त्यांना खाली बघायलाही वेळ नसतो. पण सायकलींचा सन्मान! फेर्नांचा मुलगा तिएरी छपरीत आला. जिनेत बाजारात गेली होती.

"बाबा, नुसती कुजतेय ती. गावाला देऊन टाकू? निदान लोक बघतील तरी."

"ने," फेर्नां म्हणाला. एवढंच.

अशी मी इथं आले. शर्यत तीन मिनिटांत निघून गेली. मला काढायचं कुणाला सुचलं नाही.

जिनेत दर बुधवारी बाजारातून येताना चौकात थांबायची. टोपलीतल्या फुलांना पाणी घालायची. फुलांशी तिला काही देणंघेणं नव्हतं. ती माझ्याशी बोलायची. म्हणायची, "तो रोज सकाळी खुर्ची घेऊन अंगणात बसतो, मोंत्रेवालकडं तोंड करून. आता त्याला हातभर अंतरावरचंही दिसत नाही. रोज विचारतो, मनोरा दिसतोय का? मी म्हणते, दिसतोय. धुकं असलं तरी म्हणते, दिसतोय. मग तो कॉफी पितो."

दोन वर्षं ती असं सांगत राहिली. मग एका सोमवारी ती आली, तिच्या हातात पाणी नव्हतं, पाना होता. रहदारीच्या ऐन वेळी ती चौकाच्या मधोमध गुडघ्यांवर बसली आणि मला जमिनीला जखडणारे नट सोडवू लागली. वय चौऱ्याहत्तर. मोटारी भोंगे वाजवायला लागल्या. तेवढ्यात महापौर मादाम कोर्निये धावत आल्या. त्यांची कचेरी समोरच आहे.

"बाई, अहो, काय करताय हे?"

"नट काढतेय."

"पण ही नगरपालिकेची मालमत्ता आहे!"

"असेल. अडतीस वर्षं हिच्यावर माझं बूड होतं, नगरपालिकेचं नव्हतं."

"अहो, पुढच्या शुक्रवारी फुलांच्या स्पर्धेचे परीक्षक येणार आहेत! आम्हाला या वर्षी गावाच्या पाटीवर तिसरं फूल मिळायचंय. हा चौक म्हणजे गावाचा चेहरा आहे."

"मग गुरुवारी आणून देते चेहरा. फुलं तुमच्याकडं ठेवा, मला नकोत." असं म्हणून जिनेतनं टोपली उचलून महापौरांच्या हातात दिली. बाई बिचाऱ्या टोपली घेऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यावर माझा राग आहे, पण एक कबूल करते. त्यांनी पोलीस बोलावला नाही. उलट शेवटचा नट गंजला होता, तो त्यांनी दाबून धरला.

जिनेतनं मला कालव्याच्या काठानं ढकलत घरी नेलं. टायर सपाट, चेन तांबडी. अंगणात फेर्नां बसला होता. माझ्या फ्री-व्हीलचा कटकट आवाज ऐकून त्यानं मान वर केली. उठला. हात पुढं करत आला आणि माझ्या दांडीवर त्याचा हात पडला. बोटं पितळेच्या जोडावर गेली. थांबली.

"हे काय फासलंय?"

"रंग."

"कुठला?"

"पिवळा."

"हलकट लेकाचे," तो म्हणाला आणि नखानं खरवडायला लागला.

त्या दिवशी त्यानं मला पूर्ण खोललं. डोळ्यांशिवाय. छर्रे एकेक करून बशीत मोजले, रॉकेलनं धुतले, ग्रीस भरलं. चेनची कडी न् कडी अंगठ्यानं तपासली. टायर-ट्यूब नव्या टाकल्या. माझ्या अंगाला बारा वर्षांनी आणि वर दोन वर्षांनी माणसाचा हात लागत होता. फुलवाल्याचा नाही, माणसाचा.

तिएरी आला आणि ओरडायला लागला. "आई, डोकं ठिकाणावर आहे का? या वयात? पडलात म्हणजे?"

"पडलो तर उठू. तू चालायला शिकताना दिवसातून सतरा वेळा पडायचास. मी तुला गावाला देऊन नाही टाकलं."

 पण खरी अडचण तिएरी नव्हता. जिनेतनं फेर्नांचा हात धरून मागच्या सीटवर ठेवला.

"इथं बस."

त्यानं हात झटकला. "मी? मागं? आंधळं गाठोडं म्हणून? सामान म्हणून मला घेऊन जाणार तू?"

 दरवाज्यातून पाणी झिरपत होतं.

"अडतीस वर्षं मी सामान होते का, फेर्नां?"

मित्रांनो, मी लोखंडाची आहे. पण तेव्हा माझ्यातून काहीतरी सरकलं. त्यानं हात पुन्हा मागच्या सीटवर ठेवला.  म्हणाला, "नव्हतीस." मग चाचपडत मागच्या सीटवर टांग टाकली. त्याचे गुडघे पार छातीला लागले.

ऑगुस्तनं सांगितलं होतंच, अदलाबदल करता येणार नाही. पुढची सीट तळापर्यंत उतरवली तरी जिनेतचे पाय पायडलला पुरेनात. तिनं जुन्या दरवाज्याच्या ओकच्या तुळईचा तुकडा कापला आणि पुढच्या पायडलांवर दोन्ही बाजूंनी ठोकळे बसवले. मग आठवडाभर कालव्याच्या काठानं सराव. पहिल्या दिवशी आम्ही खाजकुइलीसारख्या झुडपात गेलो.

"वळताना सांगत जा ना!" मागून फेर्नां ओरडला.

"तू कधी सांगायचास?"

"मला वळता येत होतं!"

"शेवटी शेवटी नव्हतं येत," ती म्हणाली, आणि झुडपातच दोघं हसायला लागली. चौदा वर्षांत ती या गोष्टीवर पहिल्यांदा हसत होती.

बुधवारी निघालो. जिनेतचे हात माझ्या हँडलवर. लहान, घट्ट, घामेजलेले. ती भीत होती आणि तिला मजा येत होती, दोन्ही एकदम. रस्त्यात जे दिसेल ते ती मोठ्यानं सांगत होती. पॉप्लर तोडलेत. गिरणीचं छप्पर नवं केलंय. गाई आहेत, अकरा, नाही, बारा. गवताच्या गाडीच्या जागेपाशी आल्यावर ती बोलायची थांबली. फेर्नांनं मागून विचारलं, "गिरणी ना?" ती म्हणाली, "हो." आणि पायडल जोरात मारलं.

थोड्या वेळानं तो म्हणाला, "तुझ्या स्वेटरचा रंग कुठला आहे गं?"

"का?"

"आता मलाही तेवढंच बघायचंय. पिवळा नाही ना?"

"निळा आहे," ती म्हणाली. आणि तो निळाच होता.

टेकडीचा चढ दोघं चालत चढले, मला मधे धरून. वेशीपाशी पुन्हा बसले. जिनेतनं टोपी काढली आणि माझी घंटी दोनदा वाजवली. दगडी कमानीत तो आवाज घुमला. मी इतक्या वेशींतून गेले, पण ही अकरा किलोमीटरवरची वेस मला सगळ्यात लांब पडली.

आणि मोंत्रेवाल बंद होतं! बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. बेकरी बंद, कॅफे बंद, कचेरी बंद. आमच्याकडे दुपारी बारा ते दोन देव जरी आला तरी त्याला बाहेर थांबावं लागतं. आयुष्यभर गावोगाव हिंडलेली ही माणसं, आणि घराजवळच्या गावात जेवणाच्या सुट्टीत पोचली. मग काय करतात? तटावर जाऊन बसली. मला बुरुजाला टेकवलं. पाव काढला, सॉसेज काढलं.

खाली सगळा मुलूख पसरला होता. जव, मोहरी, कालव्याची पांढरी रेघ. जिनेतनं मनोरा जन्मभर खालून पाहिला होता. मनोऱ्याच्या पायथ्यावरून खाली तिनं पहिल्यांदाच पाहिलं.

"दिसतंय का आपलं घर?" फेर्नांनं विचारलं.

तिनं बराच वेळ पाहिलं. हो म्हणणं सोपं होतं. रोज सकाळी ती हेच करत आली होती.

"नाही," ती म्हणाली. "झाडं वाढलीत. झाकून गेलंय."

त्यानं मान हलवली. "बरं झालं खरं सांगितलंस." मग पावाचा तुकडा मोडत म्हणाला, "धुक्यात मनोराही दिसत नाही. मला माहीत होतं. हवा ओली लागली की कळतं."

"मग विचारायचास कशाला रे?"

"तू हो म्हणायचीस ना, ते ऐकायला."

ती त्याच्या स्वेटरवरचे पावाचे कण झटकत राहिली, कण संपल्यावरही.

दोन वाजता बेकरी उघडली. तिथल्या बाईनं खण उपसून शिक्का शोधला. म्हणाली, "हल्ली सगळे फोनवर फोटो काढतात, शिक्का कुणी मागत नाही." मग शाईच्या वाळक्या गादीवर पाणी शिंपडून तिनं शेवटच्या चौकोनात शिक्का मारला. फेर्नांनं विचारलं, "नीट उमटला?" आणि बघायला बोट पुढं केलं. ओल्या शाईवरून त्याचा अंगठा फिरला. मोंत्रेवालची अक्षरं फराट्यासारखी पसरली आणि त्यावर अंगठ्याच्या रेषा उमटल्या.

"अरेरे!" बेकरीवाली म्हणाली. "हे संघ मान्य करणार नाही. शेजारी दुसरा मारून देऊ?"

"नको," जिनेत म्हणाली. "हाच बरोबर आहे."

गुरुवारी तिनं शब्द पाळला. मला परत आणून उभं केलं. महापौरबाईंनी टोपली लावली. गावाला तिसरं फूल मिळालं. मी पुन्हा पिवळी, पुन्हा गोड.

त्या हिवाळ्यात फेर्नां गेला. खुर्चीतच, सकाळी, मोंत्रेवालकडं तोंड करून. त्या दिवशी धुकं होतं.

जिनेत अजून बुधवारी येते. पाणी घालते, घंटी दोनदा वाजवते. परवा म्हणाली, "दुसरी वही मागवली आहे. पुढं बसायला येतं आता मला. मागं दोन पाय हवेत फक्त." तिएरीला गुडघेदुखी आहे म्हणे. संघातली माणसं म्हातारी झाली, नवी येतात ती एकेकटी येतात, कानात यंत्रं घालून.

म्हणून तुम्हाला सांगते, मित्रांनो. घराजवळचं गाव शेवटी ठेवू नका. ज्याला दिसत नाही त्यानं ते सांगावं आणि मागं बसलेल्याला अधूनमधून पुढं बसू द्यावं. जुन्या वस्तूला रंग फासणं म्हणजे जपणं नव्हे. आमच्यावर फुलं ठेवू नका, पाय ठेवा. नुसतं बघून आम्ही टिकत नाही, वापरून टिकतो.

ओकचे ठोकळे माझ्या पुढच्या पायडलांवर अजून आहेत. त्यांना रंग द्यायला जिनेतनं साफ मनाई केली आहे. मागची सीट फेर्नांसाठी वर चढवली होती, ती तशीच आहे, उंच. आणि त्या गुरुवारी मला इथं बसवताना तिनं पाना मुद्दाम घरी ठेवला होता. मादाम कोर्निये बघत होत्या, काही बोलल्या नाहीत. नट नुसते हातानं आवळलेत. हातानं निघतील.